लेकीचा पहिला शब्द

सासूबाईंची बॅग मेकॅनिकने इतक्या उत्साहाने उचलली, की बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांचं परतीचं तिकीटही त्यानेच काढलं होतं, कुणी न सांगता, तेही खिडकीजवळचं. जावयाला सासूचा एवढा पुळका आलेला कुणी पाहिला नसेल.

त्याच्या पोटात काय दुखत होतं, ते त्यालाच ठाऊक. मागच्या महिन्यात लेक पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाली, तेव्हा त्याने अख्ख्या गॅरेजला चॉकलेटं वाटली होती. आठवडाभर कॉलर ताठ. मग बायकोने हसत हसत फुगा फोडला, “अरे, आमच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. ती माझ्या आईला हाक मारतेय.”

तेव्हापासून नुसता जळफळाट. जन्मल्यापासून पोरीपुढे ‘बाबा, बाबा’ करून घसा याने कोरडा केला आणि शब्द पळवला सासूने!

बस लागली. सासूबाईंनी नात त्याच्या हातात दिली. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या, “जावईबापू, डोकं इकडे. खांद्यावर. मग पाठ थोपटायची. हळू.”

“मला येतं,” तो तुटकपणे म्हणाला. येत नव्हतं. आजवर ती वेळ सासूबाईंनी त्याच्यावर येऊच दिली नव्हती.

बस हलली आणि लेकीने टाहो फोडला. “बाबा! बाबा!” दोन्ही हात सासूबाईंच्या खिडकीकडे. त्याने तिला वर उडवलं, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तोंडं वेडीवाकडी केली. ती त्याच्या छातीवर हात रेटून मागे वळत राहिली. एवढ्या जवळ असून तो तिला दिसतच नव्हता. असं हरणं त्याला ठाऊक नव्हतं.

स्टँडच्या बाकावर बसलेल्या एका बाईला कौतुक आवरेना. “कडेवर आहे, तरी बाबा बाबा! नशीबवान आहात हो. पोरीला बापाचा केवढा लळा!”

बायकोने मान दुसरीकडे फिरवली. बस वळणाआड गेली. लेक आता हुंदके देत होती, आवाजही बसला होता.

त्या बाईकडे न बघता मेकॅनिक लेकीला म्हणाला,

“रडू नको, चिमणे. बाबा येईल परत. आपण बोलावू तिला.”