एकुलती एक किल्ली

तक्रारपेटीची एकुलती एक किल्ली वर्षभर मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मंडळाच्या अध्यक्षेच्या गळ्यात होती, आणि दर शनिवारी पेटी रिकामीच निघत होती. "आम्ही चिठ्ठ्या टाकतो आणि तू गिळतेस," मैत्रिणी तोंडावर म्हणू लागल्या. तिने शिपाईमावशींवर पाळत ठेवली, उपाध्यक्षेचं दप्तरही चोरून धुंडाळलं, पण हाती लागलं ते अर्धं बिस्कीट. शेवटच्या आठवड्यात तिनेच एक चिठ्ठी टाकली: "चिठ्ठ्या कोण पळवतं?" अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिली होती. शनिवारी पेटी उघडली, तर चिठ्ठी गायब! तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. निरोपसमारंभात मोठ्या बाईंनी तिच्या गळ्यातली किल्ली नव्या अध्यक्षेच्या गळ्यात घातली, हिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "डाव्या हाताने कशाला लिहायचं बाळा? अशाने अक्षर बिघडतं."