वस्तऱ्याखालचं मत

"मास्तर, अगदी खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही असता, तर पोरीला कुठल्या कॉलेजात घातलं असतं?" वस्तादनं विचारलं, आणि वस्तरा हेडमास्तरांच्या गळ्याला लावला.

आता अशा वेळी माणूस बोलणार काय? मान हलवायचीसुद्धा सोय नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाले, "जवळच्या."

"ऐकलंस?" दाढी करता करताच वस्ताद आरशातून मागच्या बाकावरच्या लेकीला म्हणाला. "सकाळपासून या खुर्चीत बसलेला एक माणूस दूरचं म्हणालेला नाही. औषधवाले काका जवळचं म्हणाले, पोस्टमन जवळचं म्हणाला. आता तर साक्षात मास्तर!"

लेकीच्या हातात मोबाइल होता. दोन कॉलेजांत नाव लागलं होतं. आज पाचच्या आत एकावर बोट ठेवायचं, की दुसरी जागा गेली. एक कॉलेज इतकं जवळ, की दुकानाच्या दारातून त्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची. दुसरं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अख्खी रात्र गाडीत काढा, वर अर्धा दिवस काढा, तेव्हा कुठे ते येणार. राज्य एकच म्हणायचं, पण वस्तादला परदेशसुद्धा त्यापेक्षा जवळ वाटला असता.

"बाबा, इथल्या कॉलेजला हॉस्पिटलच नाही हो," लेक म्हणाली. "मी आत जाऊन बघून आलेय. प्लॅस्टिकचा एक सांगाडा आहे, बस. फिजिओथेरपी शिकायची म्हणजे काय त्याचाच गुडघा वाकवत बसायचं?"

"बरं आहे की. सांगाडा कुरकुर तरी करत नाही."

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी गिळून टाकलं. वस्तरा अजून तिथंच होता.

"तिकडे पहिल्या वर्षापासून वॉर्डात नेतात. खरी माणसं असतात. पडलेली, मोडलेली, उठून चालायला धडपडणारी."

"आणि तू पडलीस तर? ताप आला तर कोण बघणार? ओळखीचं कुत्रं नाही तिकडे!" वस्तादचा आवाज चढला. "आणि सकाळी केस कोण विंचरणार तुझे?"

बोलून गेला आणि त्याची नजर आरशातल्या तिच्या वेणीवर गेली. लेकीची वेणी कमरेच्याही खाली होती. ती बालवाडीत असताना आई गेली. तेव्हापासून रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, याच खुर्चीत बसवून तो तिची वेणी घालायचा. सुरुवातीला इतकी वाकडीतिकडी, की शाळेतल्या बाई ती सोडून पुन्हा घालायच्या. मग हात बसला. पुढे पुढे तर शेजारच्या बायका विचारायला लागल्या, अगं, वेणी घालतं कोण तुझी? तेवढाच वेळ दोघांच्या बोलण्याचा, हसण्याचा, भांडणाचा. ही गेली की घर खायला उठेल, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

वस्तरा गळ्यावर तसाच थांबला. मास्तरांनी एक डोळा उघडला. "वस्ताद, झाली असेल दाढी तर उठू का?"

तुरटी फिरवून झाली, तोंड पुसून झालं. मास्तर दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि वळून लेकीला म्हणाले, "पोरी, मी मघाशी म्हणालो ते सोडून दे. गळ्यावर वस्तरा होता."

वस्ताद वस्तरा पुसता पुसता वळला.

"माझी पोरगी लांबच शिकली," मास्तर त्याला म्हणाले. "गाडी सुटल्यावर स्टँडवर बसून रडलो मी. लोक बघत होते. पण पाठवली." आणि ते पायऱ्या उतरून गेले.

"हा पण फितूर!" वस्तादनं टॉवेल खुर्चीवर आपटला. "जा मग! खुशाल जा! माझं काय, मी आहे आणि माझं दुकान आहे!" तो टॉवेल त्यानं पुन्हा उचलला, झटकला, उगाचच घडी घालायला लागला. घडी काही जमेना. मग तिच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "नको ना गं जाऊस."

लेक उठली. मोबाइल तिनं आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांशेजारी ठेवला. दूरच्या कॉलेजच्या नावापुढे हिरवी खूण उमटलेली होती. मास्तर दारात बोलत होते तेव्हाच तिनं बोट टेकवलं होतं. ती खुर्चीत बसली आणि वेणी सोडायला लागली.

"हे काय चाललंय?"

"कापा, बाबा. तिकडे सकाळी लवकर वॉर्डात उभं राहायचं असतं." शेवटचा पेड सोडत ती म्हणाली, "आणि मला वेणी घालता येत नाही. तुम्ही कधी शिकवलीच नाहीत."

वस्तादनं खरंच शिकवली नव्हती. तिनं दोनदा-तीनदा हट्ट धरला होता, तेव्हा त्यानंच कंगवा काढून घेतला होता, मी आहे ना, म्हणून.

मग हातांनी आपलं आपण काम सुरू केलं. पांढरं कापड झटकलं, तिच्या गळ्याभोवती बांधलं. केस कापडावर मोकळे केले, कंगवा फिरवला, कात्री उचलली. आणि आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा ते त्याच्या तोंडून सवयीनं निघालं,

"किती ठेवू?"

लेकीनं आरशात त्याच्याकडे बघितलं.

"माझे मला विंचरता येतील एवढे."