प्रवचनाची परीक्षा

“हागार, तू आलीस कुठून आणि निघालीस कुठे?” बायबलमधल्या पळून गेलेल्या दासीला देवदूताने विचारलेला हा प्रश्न म्हणून होझिया टॉलिव्हर थांबला.

धर्मविद्यालयाच्या प्रार्थनागृहात, चॅपेलमध्ये, दीडशे माणसांची बाकं होती आणि माणसं दोनच, तीही परीक्षक. प्राध्यापक हॅगबर्ग यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. शेजारी बसलेल्या डॉक्टर लूशियस बोहॅनन यांना ते न वाचताही कळलं. ‘मजकूर विसरला.’ मागच्या दोन्ही खेपांना हेच लिहिलं होतं आणि दोन्ही खेपांना होझिया नापास झाला होता.

तो विसरला नव्हता. गेली अकरा वर्षं दर रविवारी तो नदीपलीकडच्या काळ्या वस्तीतल्या चर्चमध्ये तीनशे माणसांपुढे उभा राहत होता. तिथे असा प्रश्न टाकून तो थांबला की डावीकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणत, “सांग, बाळा, सांग.” मागून पुरुष हुंकार भरत. त्या बोलण्यावरच त्याचं पुढचं वाक्य उभं राहायचं. इथे त्याला उभं राहायला जागाच नव्हती.

स्वतः काळ्या चर्चमध्ये वाढलेल्या बोहॅनन यांना ओहायोतल्या या धर्मविद्यालयात आणलं होतं ते हेच, ऐकणाऱ्यांच्या सादेवर उभं राहणारं प्रवचन शिकवायला. एकोणसत्तर साली काळ्या विद्यार्थ्यांनी मुख्य इमारतीची दारं तीन दिवस आतून लावून घेतली, तेव्हा कुठे व्यवस्थापनाने लिहून दिलं, की काळ्या लोकांच्या चर्चचा अभ्यासही इथे शिकवला जाईल. त्याला दोन वर्षं झाली. बोहॅनन यांनी चार वेळा अभ्यासक्रम लिहून दिला, चारही वेळा तो समितीकडून परत आला. “यात असं काय आहे, जे आपण आधीच शिकवत नाही?” हॅगबर्ग दर वेळी अगदी सभ्यपणे विचारत.

होझिया कागदावर बोट फिरवत ओळ शोधत होता. ही तिसरी आणि शेवटची संधी. पदवी मिळाली तर इस्पितळातली धर्मगुरूची नोकरी ठरल्यासारखी होती. चौदा वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे काढलेल्या माणसाला ती हवी होती.

“बोल, भाऊ. घाई नाही.”

हे आपणच बोललो, हे हॅगबर्ग यांची मान वळली तेव्हा बोहॅनन यांच्या लक्षात आलं.

होझियाने डोकं वर केलं. कागद बाजूला सारला. म्हणाला, ज्या घरात ती बाई राबली त्या घरात तिला कुणी नावाने हाक मारली नाही. दासी म्हणाले. तिचं नाव घेतलं गेलं ते रानात, झऱ्यापाशी, ती पळून आल्यावर. त्याचा आवाज छताला जाऊन भिडला. बोहॅनन यांनी आणखी एकदा साद दिली, मग आणखी एकदा, आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. वीस मिनिटांचं प्रवचन एकतीस मिनिटं चाललं.

हॅगबर्ग यांनी वही मिटली. “परीक्षकाने उमेदवाराला मदत केली. ही परीक्षा धरता येणार नाही.”

“मदत नाही केली. उत्तर दिलं,” बोहॅनन म्हणाले. “आमच्याकडे प्रवचन दोघांचं असतं. ऐकणाऱ्याशिवाय ते पुरं होत नाही.”

“मग गुण कोणाला देऊ, लूशियस? त्याला की तुम्हाला?”

बोहॅनन यांच्याकडे याचं उत्तर होतं. चार वेळा लिहून दिलेलं. ते उठून बाहेर गेले.

होझिया बाहेर जिन्याशी उभा होता.

“होझिया, आज तू जे बोललास ना…”

“डॉक्टर, तीन आठवडे मी तो कागद घोकत होतो. बायको समोर घड्याळ लावून बसायची. थांबलो ते सवयीने. सापडली असती ओळ, गेलो असतो वाचत पुढे.” त्याने आवाज चढवला नाही. “तुम्ही गप्प बसला असता तर आज मी पास होतो.”

“ते खरं प्रवचन होतं, होझिया.”

“खरं मी रविवारी करतोच की. तुम्हीही रविवारी या, बाकावर चढून ओरडा, तुम्हाला कोण अडवतंय? इथे मला फक्त पदवीचा कागद हवाय.”

बोहॅनन सरळ प्राचार्यांकडे गेले. चूक परीक्षकाची आहे, उमेदवाराला पुन्हा संधी मिळावी आणि मला परीक्षक मंडळातून मोकळं करावं, असं त्यांनी लिहून दिलं. तासाभरात मंजुरी आली. दोन वर्षांत त्यांचा परत न आलेला हा पहिला कागद.

पुढच्या गुरुवारी ते चॅपेलच्या बंद दाराबाहेर बसले. आतून होझियाचा आवाज येत होता, स्वच्छ आणि एका पट्टीतला. हागारला विचारलेला प्रश्न आला आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, पुढचं वाक्य आलं. एकोणिसाव्या मिनिटाला ‘आमेन’ झालं.

होझिया आधी बाहेर आला. त्याने बोहॅनन यांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला, आणि जिना उतरून गेला. त्याला कारखान्याची दुपारची पाळी गाठायची होती.

मागून हॅगबर्ग आले. मनापासून खूश दिसत होते.

“उत्तीर्ण, आणि चांगल्या गुणांनी. काय सुधारलाय हा माणूस, लूशियस.” त्यांनी बोहॅनन यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि बघा, तुमच्या अभ्यासक्रमाशिवाय. समितीला हे सांगायलाच हवं.”