मोबा गेल्यावर

शिंप्याने "मोबा" म्हटलं आणि वायरमनच्या पायाखालची जमीनच सरकली.

खेळाडू वाटून घ्यायचा ड्राफ्ट शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती चालला होता. फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी चौघे मित्र इथे जमत आणि आपापला संघ कागदावर उभा करत. खरे खेळाडू मैदानात जसे खेळतील तसे यांना गुण. पाळीपाळीने एकेक खेळाडू मागायचा. एकाने घेतला की तो बाकीच्यांना बंद. आणि नियम असा, की नाव मिनिटाच्या आत तोंडाने नीट उच्चारायचं, नाहीतर पाळी गेली. हा नियम वायरमननेच केला होता. तेव्हा त्याची जीभ कात्रीसारखी चालायची.

मागचा मोसम संपला आणि त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, जीभ मात्र हट्टाला पेटली. प, ब, म अशी ओठांवरची अक्षरं तेवढी सहज सुटत. बाकीची आतच ठाण मांडून बसत.

केमिस्टने आल्याआल्याच सुचवलं होतं की नुसतं बोट दाखव, चालेल. कॅशियर म्हणाला, वहिनी आल्याच आहेत, त्या सांगतील. वायरमनने दोघांनाही मानेनेच नाही म्हटलं होतं. घरी त्याच्या वतीने बायको बोलत होती, दवाखान्यात मुलगी बोलत होती. इथेही बोटावर आलो तर उरलेला जन्म बोटावरच काढावा लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या गोष्टीची त्याला आजारापेक्षा जास्त भीती वाटायची.

म्हणून त्याने डावपेच आखला होता. रोज दाढी करताना आरशासमोर खेळाडूंची नावं घोटून पाहायची आणि जिभेला झेपतील तेवढेच गडी घ्यायचे. बाकीचे तिघे नावाजलेल्यांवर तुटून पडले, तेव्हा हा एकामागून एक बचावपटू घेत सुटला. यंदा नुसता बचावच करणार का, म्हणून केमिस्ट हसला. शिंपी हसला नाही. तो खडूने टेबलावरच आपला संघ लिहीत होता आणि मधूनमधून वायरमनच्या ओठांकडे बघत होता. वायरमनला आता एक गोल मारणारा गडी हवा होता. त्यासाठी त्याने मोबाला हेरून ठेवलं होतं. शिंप्याने ते बरोबर ताडलं आणि त्याच्या तोंडचा घास पळवला.

शेजारी स्टुलावर बसलेल्या वायरमनच्या बायकोला राहवलं नाही. "भाऊजी, तेवढा एक सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

"वहिनी, मागच्या वर्षी यानेच मला रडवलंय," शिंपी म्हणाला. "याला कसली सूट देताय?" आणि त्याने फोनवर मिनिट लावलं.

वायरमन आधी चिडला. मग त्याच्या लक्षात आलं, की आजारातून उठल्यापासून आपल्या डावात कुणी पाय घातला नव्हता. सगळे वाट सोडून बाजूला उभे राहत होते. त्याने खुर्ची पुढे ओढली.

आता दोनच स्ट्रायकर उरले होते. एक बोपे; उच्चारायला लोण्यासारखा, पण वर्षभर बाकडं गरम करणारा. दुसरा स्क्रास्पिल. गोल खोऱ्याने करायचा, पण त्याच्या आडनावापाशी धडधाकट समालोचकही ठेच खायचे. आरशासमोर वायरमनच्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. केमिस्ट आणि कॅशियर यांच्या स्ट्रायकरांच्या जागा भरल्या होत्या, त्यामुळे हा अडखळला की स्क्रास्पिल फिरून शिंप्याच्याच ताटात पडणार होता. शिंप्याने तर ते नाव खडूने आधीच लिहून ठेवलं होतं.

वायरमनने तोंड उघडलं. "स्" झाला आणि पुढे सगळं ठप्प. पुन्हा "स्". मान लाल झाली. बायकोचे ओठ आपोआप हलायला लागले, तसा त्याने तिच्या हातावर हात दाबून ठेवला. कॅशियर हळूच म्हणाला, राहू दे, बोपे म्हण, काही बिघडत नाही.

भिंतीतल्या पाइपात वळणाशी वायर अडली की नवखी माणसं जोर लावतात. वायरमनने कधी जोर लावला नव्हता. तो वायर बाहेर ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाकडून सोडायचा.

त्याने श्वास घेतला.

"पिल," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. बायकोला वाटलं, त्याचं भान सुटलं.

"स्पिल." थांबला. ओठ पुसले. "रास्पिल."

शिंप्याचा खडू हातातच राहिला. फोनवरचे आकडे भराभर उतरत होते, पण वायरमन तिकडे बघतच नव्हता.

"स्क्रास्पिल."

सुरुवात जरा लडबडली, पण नाव पुरतं बाहेर आलं. फोन वाजला तो त्यानंतर. केमिस्टने टाळीसाठी हात उचलले आणि शिंप्याचं तोंड पाहून खाली घेतले.

शिंपी खरोखरच संतापला होता. त्याने खडू टेबलावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. "माझा गडी नेलास, हलकटा," तो म्हणाला, आणि टेबलावरचं नाव बाहीने खसाखसा पुसायला लागला.

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून लोक त्याच्याशी हळू, गोड, लहान मुलाशी बोलावं तसे बोलत होते. शिवी ही पहिलीच. वायरमनने ती नीट ऐकून घेतली आणि पुढचा गडी कोणता, याचा विचार करायला लागला.