पंधराने कमी

"सर, हे एकच मशीन वेगळं का?"

नव्या इंजिनिअर मुलीने पडद्यावर बोट ठेवून त्याला विचारलं.

रक्तदाब मोजायची घरगुती मशीनं बनवणारी ती कंपनी. मशीनांत तीन जातींचे सेन्सर बसवलेले असत. त्यांच्यातला फरक एका तक्त्यात लिहायचा आणि सेन्सर वाचणारा कोड सगळ्यांना एकच ठेवायचा, हा नियम त्यानेच बारा वर्षं घसा कोरडा करून सगळ्यांच्या गळी उतरवला होता. ऑफिसात त्याला 'मास्तर' म्हणत ते त्यामुळेच. आणि आता मास्तरांच्याच कोडच्या पोटात ही ओळ सापडली होती: अमुक क्रमांकाचं मशीन असेल, तर आकडा पंधराने कमी दाखव.

"सेन्सर बिघडला होता त्याचा," तो म्हणाला.

"मग तक्त्यात घेते. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

तक्ता सगळे वाचत. त्याने मान खाली घातली. "काही लिहू नकोस. ती ओळ काढूनच टाक. मोडीत निघालं असेल ते एव्हाना."

"बघा सर, तुमचा नियम पाळला की कोड किती स्वच्छ होतो!" मुलगी मनापासून म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना.

ते मशीन त्याच्या आईकडे होतं.

वडील गेले त्या वर्षी आईने रक्तदाबाचा धसकाच घेतला. दिवसातून दहा वेळा दंडाला पट्टा बांधायची. आकडा जास्त दिसला की घाबरायची, आणि घाबरली की आकडा आणखी चढायचा. जेवण तुटलं, झोप उडाली. शेवटी त्याने ती ओळ लिहिली आणि नवं मशीन घरी नेलं. आठवड्याभरात आई हसायला लागली. दवाखान्यात आकडा जास्त यायचा तेव्हा, "डॉक्टर दिसले की सगळ्यांचंच वाढतं, आई," असं तो बेधडक ठोकून द्यायचा. तीही मान डोलवायची.

तेव्हा गोळ्या दवाखान्यातल्या मोजणीवर ठरत. गेल्या वर्षी मात्र आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टर फोनवरच घरचे आकडे विचारून गोळ्या ठरवू लागले. तेव्हाच सांगायला हवं होतं. तो रोज सकाळी ठरवायचा, आणि चहा पिऊन गुमान ऑफिसला निघायचा. ओळ गुपचूप काढावी, तर आकडा एकदम चढणार आणि आई कारण विचारणार. मोठ्या हुद्द्यावरच्या मुलाने आईला फसवलं, तिच्या जिवाशी खेळ केला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शुक्रवारी दुपारी, त्याने धरलं होतं त्याच्या कितीतरी आधीच, नवा कोड घरोघरच्या मशीनांत आपोआप उतरला. ते कळलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच ठेवून उठला. घरी एकटी आई, आणि समोर एकदम चढलेला आकडा. लिफ्टची वाट न बघता तो चार मजले धावत उतरला. रिक्षात बसल्यावर तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत राहिला, पण एकही धड जुळेना.

दार उघडंच होतं. आई टेबलाशी बसली होती, दंडाला पट्टा, हातात फोन, कपाळाला आठ्या. मशीनवर एकशे बासष्ट.

"आई, घाबरू नकोस." त्याला धाप लागली होती. "मला तुला काहीतरी सांगायचंय. मी... फार मोठी चूक केलीय गं."

"ते मागाहून सांग. डॉक्टर फोनवर खोळंबलेत." आईने फोनवर तळवा दाबून धरला आणि आवाज उतरवला. "आज तुझं हे मशीन दवाखान्यातल्यासारखाच आकडा दाखवतंय. मग त्यांना सांगताना नेहमीसारखे पंधरा मिळवू, की नको?"