ओरिजिनल पत्रा

गल्लीच्या वळणावर पुढचं टायर पुन्हा मडगार्डला खर्रकन घासलं. अजितरावांनी ब्रेक दाबला आणि शेजारी इरकली साडी नेसून बसलेल्या शैलाताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

शैलाताईंच्या सासऱ्यांची जुनी अमेरिकन गाडी. निवृत्त झाल्यापासून अजितराव तिच्यातच डोकं घालून बसले होते. पुढची चाकं रुंद घातली, स्प्रिंगा बदलल्या, शॉकअब्सॉर्बर परदेशातून मागवले. ज्योतिबाला जायचं मात्र दर रविवारी पुढे ढकललं जात होतं. आता गाडी गादीसारखी मऊ झाली होती, फक्त वळत नव्हती.

"मिस्त्री म्हणाले ना, मडगार्डची आतली कड दाबली की झालं?"

"पत्र्याला हात लावायचा नाही. ओरिजिनल आहे तो!"

"अहो, चाकं ओरिजिनल राहिली नाहीत, स्प्रिंगा राहिल्या नाहीत, तुमचे गुडघेसुद्धा राहिले नाहीत. पत्र्याचंच कसलं एवढं कौतुक?"

शैलाताई गाडीतून उतरून तरातरा घरात गेल्या आणि मुसळ घेऊन आल्या. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसं त्यांनी ते टायर आणि मडगार्डच्या फटीत घट्ट खोचलं.

"घ्या गाडी हळूहळू पुढे. मुसळ फिरेल तशी कड दबेल."

अजितराव मुसळाकडे बघतच राहिले.

"अगं, आपल्या लग्नाची हळद यानंच कांडली होती ना? मोडलं म्हणजे?"

"हो, ओरिजिनल आहे," शैलाताई म्हणाल्या. "मोडलं तर मोडू दे. घ्या गाडी पुढे!"