दाराजवळचं टेबल

“ते टेबल नको, साहेब. ते आम्ही कुणालाच देत नाही.”

टेबलमास्तर आडवा उभा राहिला. जहाजावरच्या जेवणघरात कोणी कुठे बसायचं हे तोच ठरवायचा, म्हणून सगळे त्याला याच नावाने हाक मारत. म्हातारा त्याला वळसा घालून गेला आणि खुर्ची ओढून बसला. भटारखान्याचं झुलतं दार त्याच्या अगदी समोर होतं. दार उघडलं की वाफ तोंडावर यायची आणि भांड्यांचा खणखणाट कानात शिरायचा. वाढपी या टेबलाचा उपयोग फक्त उष्टे ट्रे टेकवायला करत.

“खिडकीशी देतो. समुद्र दिसेल,” मास्तर म्हणाला. “नाहीतर वरच्या डेकवर जा. तिथे हवं ते आपल्या हाताने वाढून घेता येतं. अगदी वरचं छोटं हॉटेल जादा पैशांचं आहे, पण तुम्हाला तसंच बसवतो.”

“समुद्र पाहिला. मला रोज हेच टेबल द्या. आणि नुसतं सूप.”

मास्तर दोन पावलं मागे सरकला. एवढा खर्च करून जहाजावर यायचं आणि भटारखान्याच्या तोंडाशी बसून नुसतं सूप प्यायचं? गिऱ्हाईक असं नसतं. तपासनीस असा असतो. कंपनी वेश पालटून माणसं पाठवते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या फेरीत दुसऱ्या जहाजावरच्या टेबलमास्तरला असल्याच एकाने मधल्या बंदरात बॅगेसकट उतरवलं होतं. या वयात पुन्हा नोकरी कोण देणार?

म्हातारा रोज संध्याकाळी यायचा. दार उघडलं की मान वर, दार मिटलं की चमचा वर. वाटी पुसून रिकामी करायचा, पण चांगलं म्हणून तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

“घारीसारखा बघतोय, मास्तर,” बोक्या कुजबुजला. सगळ्यात जाडा वाढपी तोच. “उद्या माझं पोट मोजेल.”

“तोंडाला कुलूप लाव आणि पोट आत घे.”

खरी डोकेदुखी सूपवालीची होती. तिची शेगडी नेमकी दारासमोर. एरवी पोरगी कामाला वाघ, पण या फेरीत तिला काय झालं होतं कोण जाणे. हातात पळी धरून दाराकडे बघत उभी राहायची. एकदा तर गरम सूप तिच्या मनगटावर सांडलं. दार तेव्हाच उघडं होतं. म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला.

झालं, मास्तरच्या मनात आलं. बघितलं त्याने.

“दाराबाहेर सोनं लागलंय का गं?” तो आत जाऊन तिच्यावर खेकसला. “आणि सुपात लसूण करपवतेस तो कुणाला विचारून? कंपनीने तसं सांगितलंय?”

“आमच्या घरी असंच करतात.”

“मग घरी जाऊन कर!”

तिने मान खाली घातली. मास्तरने तिला खालच्या मजल्यावर बटाटे सोलायला पाठवलं आणि सुपाचं काम मोठ्या आचाऱ्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ फेरीतली शेवटची होती. सकाळी जहाज धक्क्याला लागणार होतं. म्हातारा बसला. दार उघडलं. त्याने मान उचलली, ती तशीच राहिली. दार पुन्हा पुन्हा उघडलं, मिटलं. समोरची वाटी निवत चालली. शेवटी त्याने एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

मास्तर धावला. “काही कमी आहे का, साहेब?”

“आजचा हात वेगळा आहे.”

“आमच्या मोठ्या आचाऱ्यांनी खास...”

“रोजचा हात हवा,” म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. मास्तरला तो राग वाटला. “मी थांबतो.”

मास्तर जिन्यावरून गडगडतच खाली गेला. सूपवाली बटाट्यांच्या ढिगात बसली होती.

“चल वर! सूप कर.”

“तुम्हीच म्हणालात ना, दाराकडे बघायचं नाही?”

“डोळे फाडून बघ, बाई! नाचत बघ! पण त्याला सूप दे, नाहीतर उद्या माझी बॅग धक्क्यावर.”

तिने मोठ्या आचाऱ्याचं सूप चाखलं आणि बाजूला सारलं. छोट्या भांड्यात तेल तापवलं. लसूण काळपट होईपर्यंत हलवत राहिली. बाहेरची टेबलं रिकामी होत होती. म्हातारा पानाच्या दोन्ही बाजूंना हात टेकून बसला होता. मास्तर दाराच्या फटीला डोळा लावून उभा होता. त्याची कॉलर घामाने भिजली होती.

बोक्या वाटी घेऊन गेला. जाताना त्याचा धक्का लागला आणि दार सताड उघडलं. म्हाताऱ्याने आत पाहिलं. मग मान खाली घातली आणि खायला लागला. एकदाही थांबला नाही.

वाटी परत आली. पावाच्या तुकड्याने पुसून लख्ख केलेली. मास्तरचा जीव भांड्यात पडला.

“वाचलो गं पोरी! तपासनीस असला तरी माणूस चवीचा आहे.”

सूपवालीने ती रिकामी वाटी दोन्ही हातांत धरली होती.

“तपासनीस नाहीत ते. माझे बाबा आहेत,” ती म्हणाली. “मी जहाजावर चुली फुंकायला निघाले, तेव्हा म्हणाले होते, मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.”